अलेक्झांडर व्हॉन हंबोल्ट व व्हॅलेन्सियाचें सरोवर

पेरू देशाच्या किनाऱ्यालगत नकाशांत दाखविलेला 'हंबोल्ट प्रवाह' आमच्या विद्यार्थ्यांच्या पाहण्यांत आलाच असेल. तो ज्यांच्या नांवानें ओळखला जातो, त्या पंडितांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

त्यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजीं बर्लिन येथें झाला. नवव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. पुढें ते सरकारी खाणखात्यांत अधिकारी झाले, व स्टेबेन गांवीं त्यांनीं खाणकामगारांसाठीं स्वखर्चानें शाळा काढली. १७९६ सालीं आई निवर्तल्यावर वांट्यास मोठी संपत्ति आली. तिचा विनियोग त्यांनीं प्रवासांत केला.

जून १७९९ मध्यें एमे बाँप्लां या वनस्पतिशास्त्रज्ञासह ते स्पेनहून निघाले आणि पुढल्या महिन्यांत व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यास लागले. १८०० च्या आरंभीं ते अराग्वाच्या खोऱ्यांत व्हॅलेन्सियाच्या सरोवरापाशीं आले. या सरोवराचें पाणी समुद्रास मिळत नाहीं. तें वर्षानुवर्षें ओसरत होतें, व तळाशीं एखादें गुप्त विवर असून त्यांतून तें निघून जातें, असा तेथील लोकांचा समज होता.

हंबोल्ट यांनीं विवराच्या शोधांत वेळ दवडला नाहीं, मोजणी केली. १५५५ सालीं व्हॅलेन्सिया शहर वसलें तेव्हां तें पाण्यापासून अर्ध्या लीगवर होतें, अशी जुनी नोंद होती. त्यांस तें अंतर तीन मैलांहून अधिक भरलें. पूर्वींचीं बेटें कोरड्या जमिनींतील टेंकड्या बनलीं होतीं. डोंगरावरील झाडी तोडली गेल्यानें झरे आटले, पावसाचें पाणी लोंढ्यासरशीं वाहून जाऊं लागलें, आणि नीळ, कापूस व ऊंस यांसाठीं ओढे वळविल्यानें उरलेलेंहि सरोवरास पोंचेना, असा त्यांनीं निर्णय दिला. हा निर्णय आम्हांस त्यांच्या गिर्यारोहणाहून मोठा वाटतो.

त्याची परीक्षा लौकरच झाली. १८२२ सालीं बूसँगो हा विशीच्या घरांतील फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ त्या देशीं आला व हंबोल्ट यांच्या नोंदींशीं ताडून सरोवर पाहूं लागला, तों पाणी उलट चढलेलें! कापसाचीं शेतें बुडालीं होतीं. १७९६ मध्यें वर आलेलीं बेटें पुन्हां पाण्याखालीं गेलीं होतीं. मधल्या काळांत स्वातंत्र्ययुद्ध झालें होतें. मळे ओस पडून रान माजलें होतें व ओढे आपल्या जुन्या वाटेनें वाहत होते. पाणी वाढलें खरें, परंतु हंबोल्ट यांचें अनुमान त्यामुळें खोटें न ठरतां बळावलेंच.

हिमालय पाहण्याची त्यांची फार इच्छा होती. ईस्ट इंडिया कंपनीनें परवानगी दिली नाहीं, व हिंदुस्थानचें दर्शन त्यांस घडलें नाहीं. त्यांचे बंधु विल्हेल्म यांनीं मात्र घरबसल्या गीतेचा अभ्यास केला. ६ मे १८५९ रोजीं, वयाच्या नव्वदाव्या वर्षीं, हंबोल्ट यांचें देहावसान झालें.

सरोवर विसाव्या शतकांतहि ओसरत राहिलें. पुढें १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून तें पुन्हां चढूं लागलें. या खेपेस कारण रान नव्हे. शहरांनीं शेजारच्या खोऱ्यांतून पाणी आणलें आणि वापरून झाल्यावर तें सांडपाणी सरोवरांत सोडलें. शैवालानें पाणी हिरवें झालें, व काठच्या माराकाय शहरांतील कांहीं वस्त्यांत तें शिरलें.