मेंदूतील दुर्गम धमनीपर्यंत पोहोचलेले शल्यविशारद डॉ. चार्ल्स ड्रेक

मेंदूच्या तळाशी, श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या मस्तिष्कस्तंभाला लागून बॅसिलर नावाची धमनी वर जाते. तिच्या टोकाला आलेला फुगा फुटून रक्तस्राव झाला, तर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शल्यविशारद तेथे हात घालण्यास धजावत नसत. ही वाट प्रशस्त केली ती कॅनडाचे डॉ. चार्ल्स जॉर्ज ड्रेक यांनी.

ड्रेक यांचा जन्म २१ जुलै १९२० रोजी ऑन्टारिओ प्रांतातील विंडसर येथे झाला. वैद्यकीय शिक्षण आणि टोरांटो येथील प्रशिक्षणानंतर त्याच प्रांतातील लंडन या मध्यम आकाराच्या शहरात त्यांनी मेंदूशल्यचिकित्सा सुरू केली. तीच त्यांची आयुष्यभराची कर्मभूमी ठरली.

१९६१ मध्ये त्यांनी बॅसिलर धमनीवरील चार शस्त्रक्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आरंभीच्या काळात काही रुग्ण दगावले. ड्रेक यांनी ते अपयश झाकले नाही. प्रत्येक मृत्यूचे कारण शोधून समव्यावसायिकांपुढे मांडले. फुग्यामागे दडलेल्या सुताएवढ्या बारीक रक्तवाहिन्या क्लिपमध्ये अडकल्या, तर फुगा बंद होऊनही रुग्ण हातचा जातो, हे या शोधातून स्पष्ट झाले. त्या वाहिन्या जपणे हा पुढे या शस्त्रक्रियेचा पहिला नियम झाला.

निरोगी धमनी मधून सुरक्षित जाऊ शकेल, अशी छिद्र असलेली क्लिपही त्यांनी १९६९ मध्ये तयार केली. इतर ठिकाणी आशा सोडलेले रुग्ण लंडनकडे पाठवले जाऊ लागले. त्यांच्या मागोमाग देशोदेशींचे तरुण शल्यविशारदही शिकण्यासाठी आले. त्यांच्यासमोर यशाइतकीच चूकही मोकळेपणाने ठेवणे, ही ड्रेक यांची अध्यापनाची रीत होती.

मेंदूशल्यविशारदांच्या जागतिक महासंघाचे आणि अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १,७६७ रुग्णांचा अनुभव नोंदवणारा ग्रंथ त्यांनी पीअरलेस आणि हेर्नेस्निएमी या सहकाऱ्यांसह १९९६ मध्ये सिद्ध केला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज अशा अनेक फुग्यांवर कवटी न उघडता, रक्तवाहिनीतून नळी नेऊन उपचार होतात. तरीही त्या बारीक वाहिन्यांचे भान आणि अपयशाची प्रामाणिक नोंद हा ड्रेक यांचा वारसा कायम आहे.