कोसबाडच्या ताराबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असं सेक्रेटरींनी सांगितलं, तेव्हा पाण्याच्या टँकरच्या आठवणी लिहाव्यात असं आधी मनात आलं. पण त्या बाकीचे लिहितीलच. मी लिहिणार आहे ताराबाई मोडकांबद्दल. त्यांचं मोठं काम झालं आपल्याच पालघर जिल्ह्यात, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात जो प्रसंग आला त्यातून वाट दिसली ती त्यांच्यामुळे.

प्रसंग म्हणजे नातवाची नर्सरी. साडेतीन वर्षांचं पोर, आणि शाळेतून चिठ्ठी आली की पेन्सिल धरत नाही, एका जागी बसत नाही. मुलगा-सून सकाळच्या लोकलने जाणार ते रात्री येणार. गिरवून घ्यायचं काम माझ्याकडे. मी त्याचा हात धरून गिरवून घेतलं, एकदा फटकाही दिला. मग शाळेची बॅग दिसली की तो पलंगाखाली जाऊन बसायला लागला. खोटं कशाला सांगू, 25 वर्षांपूर्वी इथे ताबा मिळाला तेव्हा त्याच्या बापाबरोबर मी हेच केलं होतं. बापाचं अक्षर मोत्यासारखं आहे, पण पुस्तक काही तो हातात घेत नाही.

त्या दिवसांत लायब्ररीतून ताराबाईंचं चरित्र आणलं. जन्म 1892 चा, मुंबईतला. माहेरच्या केळकर, घर प्रार्थना समाजाचं. 1914 साली त्या बी.ए. झाल्या. तेव्हा पदवीधर बायका बोटांवर मोजण्याइतक्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, पण संसार टिकला नाही. लहान मुलगी पदरात घेऊन त्या राजकोटला नोकरीला गेल्या आणि 1923 मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात रुजू झाल्या. इथे त्यांना मॉन्टेसरींची पद्धत भेटली. 1926 ला दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला, 1936 ला ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं.

पण मॉन्टेसरीची साधनं महाग. सागवानी ठोकळे, पितळी वजनं दादरच्या मुलांना मिळतील, खेड्यातल्यांचं काय? हा प्रश्न घेऊन 1945 साली, वयाच्या 53 व्या वर्षी, बाई मुंबई सोडून बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ, वयाने 18 वर्षांनी लहान, बालविधवा, पुढे शेवटपर्यंत साथ देणाऱ्या. मुलं बालवाडीत येईनात, तर या दोघी वस्तीवर जाऊन कुणाच्या तरी अंगणात बसायच्या. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग खेळ. साधनं म्हणजे शंख-शिंपले, चिंचोके, बिया, खडे, पानं. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत सगळं त्यातच शिकता येतं. ती अंगणातली वाडी म्हणजे अंगणवाडी. आज देशभर सरकारी कागदावर असलेला हा शब्द मूळचा आपल्याकडचा, बरं का.

1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली मुलांमध्ये. ही मुलं शाळेत का येत नाहीत? तर मोठी बहीण धाकट्याला सांभाळते आणि भाऊ गुरं चारतो. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, म्हणजे धाकट्याला घेऊनच ताईने यावं. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर नेली, तिचं नाव कुरणशाळा. मला बाईंची ही गोष्ट सगळ्यात आवडते. मुलाला दोष देण्याआधी त्या त्याचं घर बघून यायच्या. 1962 ला पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्या गेल्या.

मी पाटी कपाटात ठेवली. सकाळी वाल, तूर, राजमा एकत्र करून त्याच्यापुढे ठेवायचे, त्याने वेगळे करायचे. मोरीत बसून तांब्यातून पेल्यात पाणी ओतायचं. स्वतःची बटणं स्वतः लावायची, मग वीस मिनिटं लागोत. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपले आणले, ते लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे. हार्डवेअरवाल्याकडून पॉलिश पेपर आणून अक्षरं कापली, त्यावरून नुसतं बोट फिरवायचं. बोटांत जोर आणि वळण आल्याशिवाय पेन्सिल कशी धरणार? सूनबाई पहिल्या महिन्यात नाराजच होती. बाकीची मुलं एबीसीडी लिहितात आणि आई डाळी निवडायला लावतात, असं तिचं म्हणणं. तिचंही चूक नव्हतं, फी ती भरते. साधारण पाच महिन्यांनी एका संध्याकाळी गॅलरीतल्या लादीवर खडूने भला मोठा म काढलेला दिसला. कुणी सांगितलं नव्हतं. सूनबाईने तीन दिवस ती लादी पुसू दिली नाही.

आणखी एक. मॉन्टेसरीबाईंचं पहिलं बालगृह 1907 साली रोममध्ये निघालं ते कामगारांच्या चाळवजा इमारतीत. आईबाप कामावर गेले की मुलं जिन्यात धुडगूस घालायची, भिंती खराब करायची, म्हणून मालकांनीच एक खोली दिली. आपल्याकडेही जिन्यातल्या रेघोट्यांवरून मीटिंगमध्ये भांडणं होतातच!

पंपरूमशेजारची मोडक्या खुर्च्यांची खोली कमिटीने शनिवार सकाळपुरती दिली आहे. सध्या सात मुलं येतात. कुणाकडे झाकणाचे रिकामे डबे किंवा जुने तांब्या-पेले असतील तर बी विंगमध्ये माझ्याकडे आणून द्या. काचेचं काही नको.