साष्टी नावाची युद्धनौका बांधणारा सुतार: जमशेदजी वाडिया

कुर्ला, मरोळ, सहार, असल्फा ही नावं आपण उपनगरवाले रोज बसच्या पाटीवर वाचतो. १८०८ साली ही गावं, आणखी तीन गावांसह, इंग्रज सरकारने होरमसजी बमनजी वाडिया यांना दिली आणि बदल्यात मुंबईत अपोलो गेटजवळची जमीन घेतली. होरमसजी व्यापारी होते. त्यांचे थोरले भाऊ जमशेदजी मात्र सुतार. आज आम्हाला लिहायचं आहे ते या सुताराबद्दल.

आजोबा लवजी नसरवानजी १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईच्या गोदीत आले. घराण्याचं नाव झालं, तरी नातवांना कुणी आयतं गादीवर बसवलं नाही. जमशेदजी आणि त्यांचे चुलतभाऊ फ्रामजी यांना महिना १२ रुपयांवर साध्या सुतारांच्या रांगेत उभं केलं. अशी तालीम आता कोण देतो? १७९२ मध्ये दोघं मिळून गोदीचे मुख्य कारागीर झाले. १८०४ मध्ये फ्रामजी वारले, मग सगळा भार जमशेदजींवर आला.

तेव्हा युरोपात लढाया पेटल्या होत्या आणि इंग्लंडमध्ये जहाजांसाठी ओक लाकूड पुरेना. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. मलबारच्या सागात तेल असतं, त्यात खिळे टिकतात. शिवाय इथल्या बांधणीची खुबी वेगळीच. फळीच्या कडेला खाच पाडून ती शेजारच्या फळीत बसवायची, मध्ये राळ आणि कापूस भरायचा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. लाकडात लाकूड बसवण्याचं हे हुनर चिनी सुतारांकडेही होतं. त्यांनी खाच आणि कुसू जुळवून खांब-तुळयांच्या इमारती उभ्या केल्या; शिआनची जुनी मशीदही त्याच देशी लाकडी घडणीची आहे.

१८०७ मध्ये जमशेदजींच्या हाताखालून एक युद्धनौका पाण्यात उतरली. तिचं नाव ‘सॅलसेट’, म्हणजे आपलीच साष्टी, ज्या बेटावर अंधेरी, बोरिवली, घाटकोपर वसलेत. १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’ आली, १८१३ मध्ये तेवढीच मोठी ‘कॉर्नवॉलिस’ आणि १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’.

आणि इथेच मन थोडं अडखळतं. अफूचा व्यापार रोखू पाहणाऱ्या चीनशी इंग्रजांनी युद्ध केलं, आणि २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह याच ‘कॉर्नवॉलिस’वर झाला. हाँगकाँग चीनच्या हातून गेलं. त्या अफूतून मुंबईचे अनेक शेठ, पारशी, हिंदू आणि आपले कोकणी मुसलमानसुद्धा, श्रीमंत झाले, हे लपवून चालणार नाही. जमशेदजी तेव्हा हयात नव्हते. ते ३१ ऑगस्ट १८२१ रोजीच वारले होते. आमच्या मते सुताराच्या हुनराला दाद द्यावी, पण जहाज कुणाच्या कामी आलं हेही मुलांना सांगावं. ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात रंधा मारणाऱ्यांची मुलं आमच्या वर्गात बसतात. इतिहासाच्या तासाला त्यांना राजे भेटतात, कारागीर क्वचितच.

जमशेदजींनंतर त्यांचे चिरंजीव नवरोजी यांनी गोदी सांभाळली. ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडच्या हार्टलपूल बंदरात तरंगते आहे, दोनशेहून जास्त वर्षांचा साग घेऊन. आणि ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात जमशेदजींचं तैलचित्र आहे: डोक्यावर पगडी, हातात कंपास, कमरेला चांदीची मोजपट्टी.