य. खु. देशपांडे आणि पाठचिकित्सेची पायाभरणी

यशवंत खुशाल देशपांडे (१८८४–१९७०) हे यवतमाळचे वकील. उपजीविका वकिलीवर असली, तरी त्यांचे आयुष्य खर्ची पडले ते महानुभाव पंथाच्या हस्तलिखित पोथ्यांसाठी. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिलेले हे वाङ्मय पंथाबाहेरील वाचकाला दीर्घकाळ अगम्य होते. वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृतींच्या प्रयत्नांनी ते अभ्यासकांना खुले झाले. आरंभीच्या या अभ्यासकांत देशपांडे अग्रणी होत. यवतमाळच्या शारदाश्रमाच्या द्वारे त्यांनी विदर्भात संशोधनाची परंपरा रुजवली आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

लिपी वाचता आली म्हणजे मूळ संहिता हाती आली, असे मात्र होत नाही. लीळाचरित्राचेच उदाहरण पाहा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या आठवणी प्रत्यक्षदर्शींकडून पडताळून लिहिल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली. अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला आणि एकाच ग्रंथाचे अनेक पाठ रूढ झाले. ज्ञानेश्वरीचे संशोधन एकनाथांनी शके १५०६ मध्ये केले, हे आपणांस ठाऊक आहे. लीळाचरित्रातील सर्व फेरबदलांना मात्र असा एक कर्ता नाही आणि एक कालही नाही.

अशा वेळी पोथ्या शब्दशः ताडून पाहाव्या लागतात. एका प्रतीत ‘कव्हणी’ आणि दुसरीत ‘कोणी’ आढळल्यास, लेखनिकाने अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द घातला असण्याचा संभव अधिक. म्हणून सुबोध पाठ मूळचा असेलच असे नाही. तथापि जुनेपणाचा आभास निर्माण करणारे लेखनिकही असतात. केवळ आर्ष रूपावरून निर्णय देणे तितकेच धोक्याचे. साक्षीदार अनेक आणि मूळ दस्तऐवज गहाळ, अशा खटल्यासारखेच हे काम आहे.

कोणते ग्रंथ होते, त्यांचे कर्ते कोण, त्यांचा काळ कोणता, हे आधी निश्चित झाल्याशिवाय ही तुलना संभवत नाही. देशपांडे यांच्या कार्याचे मोल येथे आहे. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ साली प्रकाशित झाले. ते पाहण्यास देशपांडे हयात नव्हते. परंतु त्या वाटेवरील आरंभीचे टप्पे त्यांनी आखून ठेवले होते. विद्यार्थ्यांनी प्राचीन ग्रंथाची कोणतीही आवृत्ती हाती घेताना प्रथम तिची प्रस्तावना वाचावी आणि तिचा पाठ कोणत्या पोथ्यांवर आधारलेला आहे, हे पाहावे.