जॉन फॉन नॉयमन आणि संख्येचं बीज

थोर गणिती जॉन फॉन नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्ट येथे झाला. पुढे ते अमेरिकेत प्रिन्स्टनला स्थायिक झाले. न्यूट्रॉनच्या हालचालींचं गणित संगणकावर मांडायला यादृच्छिक संख्या हव्या होत्या. त्यांनी सोपी युक्ती काढली: संख्येचा वर्ग करायचा, मधले अंक उचलायचे, पुन्हा तेच. पण सुरुवातीची संख्या, म्हणजे बीज, २५०० घेतलं तर? वर्ग ०६२५००००, मधले अंक परत २५००! गाडी तिथेच अडकते. पद्धतीतले दोष ते जाणून होते. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांचं निधन झालं.

आजही डेटाबेस सर्व्हरने बीज म्हणून नुसती घड्याळातली वेळ घेतली, तर त्याच्या गुप्त संख्या दुसऱ्याला ओळखता येऊ शकतात. मुलांना २५०० चा वर्ग वहीत करायला सांगा, लगेच कळेल.