वटवाघूळ खेळणे आणि ऑर्व्हिल राइट

मित्रांनो, आणि शाळा पाहायला आलेल्या पालकहो, विमान कोणी शोधले असे विचारले की आपण एका दमात राइट बंधू असे सांगून मोकळे होतो. पण त्यांची सुरुवात कशापासून झाली, असे विचारले की वर्गात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ती एका खेळण्यापासून झाली! सध्या आमच्या वर्गात कार्यानुभवाच्या तासाला विमानांची मॉडेले करायची टूम निघाली आहे, म्हणून मी धाकट्या राइटचे, म्हणजे ऑर्व्हिलचे चरित्र लिहायला घेतले.

ऑर्व्हिलचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी झाला. गंमत अशी, की त्याच्या आदल्याच दिवशी, १८ ऑगस्टला, फ्रान्समध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवून दाखवले होते. ते ११ सेकंद हवेत राहिले. रबरावर फिरणारे खेळण्यातले हेलिकॉप्टरही या पेनोनेच तयार केले. तेच पुढे या गोष्टीत येणार आहे.

ऑर्व्हिलचे वडील मिल्टन राइट ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. त्यांची सारखी फिरती असायची. आई सुझन ही गाड्या तयार करणाऱ्या कारागिराची मुलगी. तिचा हात हत्यारांवर चांगला बसलेला होता, मुलांना बर्फावर घसरायची गाडीसुद्धा तिने घरीच करून दिली होती. घरात मोडतोड केली म्हणून मुलांना मार बसत नसे. (पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे, ही विनंती.)

१८७८ साली वडील प्रवासाहून परत आले तेव्हा हातात काहीतरी लपवून आणले होते. मुलांना दिसायच्या आत त्यांनी ते वर फेकले. वस्तू खाली पडायच्या ऐवजी भिरभिरत थेट छताला जाऊन भिडली, थोडा वेळ फडफडली आणि मग खाली आली. बूच, बांबूच्या कामट्या, पातळ कागद आणि पीळ दिलेले रबर, एवढाच माल. पोरांनी त्याचे नाव वटवाघूळ ठेवले. तेव्हा ऑर्व्हिल सात वर्षांचा आणि थोरला विल्बर अकरा वर्षांचा होता.

खेळणे लवकरच मोडले. मग दोघांनी स्वतःच तशी वटवाघळे करायला घेतली. लहान होती ती छान उडाली. म्हणून त्यांनी मोठी केली, तर ती काही केल्या उडेनात. याचे कारण त्यांना पुष्कळ वर्षांनी समजले. आपल्याला घनफळाच्या धड्यात ठोकळा आहे ना, लांबी, रुंदी, जाडी सगळे दुप्पट केले की ठोकळा आठपट होतो, तसेच इथे आहे. मॉडेल दुप्पट मोठे केले तर ते उडवायला ताकद आठपट लागते. रबर तेवढी ताकद कुठून आणणार? म्हणून पहिले मॉडेल करणाऱ्याने छोटेच करावे. वर्गात ज्यांनी तीन फुटी पंखांचे बेत केले आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

ऑर्व्हिल शाळेतही बाकावर लाकडाचे तुकडे घेऊन खुडबुड करायचा. बाईंनी विचारले तर त्याने सांगितले, की मी उडायचे यंत्र करतोय आणि एक दिवस भावाबरोबर त्यातून उडणार आहे. पतंग करण्यात तर तो पटाईत होता. स्वतः केलेले पतंग तो सोबत्यांना विकायचा. त्याच्या पतंगाच्या कामट्या इतक्या बारीक असायच्या की वाऱ्यात धनुष्यासारख्या वाकायच्या.

पुढे त्याने छापखाना काढला, साप्ताहिक चालवले. १८८९ साली आई क्षयाने गेली. १८९२ साली दोघा भावांनी सायकलचे दुकान टाकले. आधी विकणे आणि दुरुस्ती, नंतर स्वतःच्या सायकली करणे. १८९६ साली ऑर्व्हिलला विषमज्वर झाला आणि तो मरता मरता वाचला. त्याच वर्षी जर्मनीत ओटो लिलिएन्थाल हा उड्डाणवीर ग्लायडरवरून पडून मेला. हवेत चढणे एक आणि हवेत तोल सांभाळणे दुसरे, हे भावांनी त्यावरून ओळखले. सायकलवाल्यांना तोल सांभाळणे नवे नव्हते.

१८९९ साली विल्बर दुकानात ट्यूबचा लांबट खोका हातात घेऊन उगाच पिळत होता. पिळताना त्याला सुचले, की विमानाचे पंख असेच पिळले तर? लगेच पाच फुटांचा दुमजली पतंग झाला. त्याला चार दोऱ्या, हातात दोन काठ्या. काठ्या तिरप्या केल्या की पंख पिळले जायचे आणि पतंग हव्या त्या बाजूला कलायचा. एकदा दोऱ्या ढिल्या पडल्या आणि पतंगाने असा सूर मारला, की बघायला जमलेल्या पोरांनी जमिनीवर पालथे लोळण घेतले.

हे आपल्यालाही करून बघता येते. कागदाचे विमान घ्या. डाव्या पंखाची मागची कड किंचित खाली आणि उजव्याची किंचित वर वाकवा. सोडले की डावा पंख उचलला जातो आणि विमान उजवीकडे वळते. थर्माकोलचे मॉडेल असेल तर आधी ते दोन बोटांवर तोलून पाहायचे. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर ते तोलले पाहिजे. शेपटीकडे झुकत असेल तर नाकाला ओल्या मातीची गोळी लावायची. माझे मॉडेल सुपारीएवढ्या गोळीवर सरळ गेले, शाळेच्या पायरीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत.

१९०० साली दोघे भाऊ समुद्रकाठी किटी हॉक या गावी मोठा ग्लायडर घेऊन गेले. तिथे वारा भरपूर आणि पडायला मऊ वाळू. पण लगेच त्यात बसायची घाई त्यांनी केली नाही. बहुतेक वेळ तो पतंगासारखाच दोरीने उडवला. कधी त्यावर साखळ्यांचे वजन टाकले, कधी गावातल्या एका पोराला बसवले. जमिनीवर उभे राहून दोऱ्यांनी यंत्र चालवायचे! पुढे दोऱ्यांऐवजी रेडिओ आला. १९३७ साली अमेरिकेतच वॉल्टर आणि विल्यम गुड या दोघा भावांनी रेडिओने चालणारे मॉडेल विमान उडवले.

१९०१ साल मात्र वाईट गेले. नव्या ग्लायडरला हवेने जेवढे उचलायला हवे होते, त्याच्या एक तृतीयांशच उचलले. पुस्तकातली कोष्टके वापरून केलेले गणित, तरी उत्तर चुकले! दोघे तोंड पाडून घरी आले. मला वाटते, इथे दुसरा कोणी असता तर त्याने दुकान बरे म्हणून पुन्हा सायकली दुरुस्त केल्या असत्या. यांनी काय केले, तर सायकलच्या हँडलवर तिसरे चाक आडवे बसवले, त्याला छोटे पंख लावले आणि जोरात सायकल हाणून वाऱ्याचा दाब पाहिला. मग सहा फूट लांबीची लाकडी पेटी केली. एका तोंडाला पंखा, वर बघायला काच. आत तोलायचा काटा, तोही लोखंड कापायच्या करवतीची पाती आणि सायकलच्या स्पोकच्या तारा जोडून केलेला. पत्र्याचे बोटाबोटाएवढे सुमारे २०० पंख कापून, ठोकून त्यांनी त्या वाऱ्यात तपासले. विमानाचा खरा शोध मला वाटते या पेटीत लागला. १९०२ चा ग्लायडर त्या आकड्यांवरून केला आणि तो झकास तरंगला.

१९०३ साली १२ अश्वशक्तीचे इंजिन दुकानातल्या मिस्त्रीने, चार्ल्स टेलरने, सहा आठवड्यांत तयार केले. १४ डिसेंबरला नाणे उडवले, पाळी विल्बरची आली, पण विमान वर जाताच वाळूत आपटले. दुरुस्ती झाली. १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिलची. हाडे गोठवणारा वारा, बघायला फक्त पाच माणसे. विमान १२ सेकंद हवेत राहिले आणि १२० फूट गेले. आपल्या शाळेचे पटांगणसुद्धा याहून लांब आहे! त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला.

१७ सप्टेंबर १९०८ रोजी सैन्याला विमान दाखवताना पंखा तडकला आणि ते कोसळले. बरोबरचा लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. बहीण कॅथरीन शाळेत शिक्षिका होती. ती नोकरी सोडून त्याच्या उशाशी बसली. १९०९ साली त्याने पुन्हा त्याच ठिकाणी जाऊन राहिलेली चाचणी पुरी केली. याला म्हणतात छाती.

दोघांनी एकाच विमानात बसायचे नाही, अशी वडिलांची अट होती. ती २५ मे १९१० रोजी एकदाच मोडली. त्याच दिवशी ऑर्व्हिलने ८१ वर्षांच्या वडिलांनाही वर नेले. म्हातारा घाबरण्याऐवजी आणखी वर ने म्हणून मुलाच्या कानाशी लागला! पण १९१२ साली विल्बर विषमज्वराने वारला आणि ऑर्व्हिल एकटा पडला. १९१५ साली त्याने कंपनी विकून टाकली. नंतर तो घरच्या प्रयोगशाळेत खुडबुड करत राही. झोपाळ्यावर उडणाऱ्या विदूषकांचे एक लाकडी खेळणे त्याने शोधले आणि १९२५ साली त्याचे पेटंटही घेतले. म्हातारपणी पुन्हा खेळणे!

एक दुःख मात्र त्याला फार लागले. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संस्था पहिल्या विमानाचा मान दुसऱ्याला देऊ लागली. तेव्हा रागावून त्याने आपले १९०३ चे विमान १९२८ साली लंडनच्या संग्रहालयात पाठवले. संस्थेने १९४२ साली आपले म्हणणे मागे घेतले, पण तेव्हा महायुद्ध चालू होते. ऑर्व्हिल ३० जानेवारी १९४८ रोजी वारला. आपले गांधीजी गेले, तोच हा दिवस. विमान त्याच वर्षी परत आले आणि १७ डिसेंबरला, पहिल्या उड्डाणाला पंचेचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, संस्थेला सोपवले गेले. ते स्मिथसोनियनच्या संग्रहालयात ठेवले. गुड बंधूंचे रेडिओवर उडणारे मॉडेलही पुढे त्याच संस्थेकडे गेले.