वैकिकीच्या लाटांचे ड्यूक काहानामोकू

प्रशांत महासागरातील ओआहू बेटाच्या वैकिकी किनाऱ्यावर आज जगभरातील पर्यटक भाड्याची फळी घेऊन लाटांवर उभे राहण्याचा सराव करतात. या खेळाला हवाईबाहेर नेण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांना दिले जाते, त्या ड्यूक काहानामोकू यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० रोजी होनोलुलू येथे झाला.

ड्यूक हे त्यांचे नाव होते, पदवी नव्हे. एडिनबर्गच्या ड्यूकनी १८६९ मध्ये हवाईला दिलेल्या भेटीवरून वडिलांचे नाव ठेवण्यात आले आणि थोरल्या मुलाकडे तेच आले. वडील पोलीस खात्यात होते. ड्यूक जन्मले तेव्हा हवाई हे स्वतंत्र राज्य होते. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली आणि १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे ताब्यात घेतली. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ रहिवाशांची संख्या घटली होती. मिशनऱ्यांच्या नापसंतीमुळे लाटांवर स्वार होण्याचा त्यांचा 'हेए नालू' हा प्राचीन खेळही क्षीण झाला होता. शाळा अर्धवट सोडलेले ड्यूक आणि त्यांच्या मित्रांनी तो पुन्हा वैकिकीच्या पाण्यावर आणला.

ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलू बंदरात झालेल्या शर्यतीत त्यांनी १०० यार्डांचे अंतर ५५.४ सेकंदांत कापले. आधीच्या विक्रमाहून ही वेळ ४.६ सेकंदांनी कमी होती. मुख्य भूमीवरील क्रीडा संघटनेने ती मान्य केली नाही. घड्याळे आणि पाण्याचा प्रवाह यांवर शंका घेण्यात आली. बंदराच्या पाण्यातील शर्यतीबाबत अशी शंका अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येणार नाही. तथापि तिचे उत्तर लवकरच मिळाले. होनोलुलूच्या नागरिकांनी वर्गणी काढून त्यांना अमेरिकेत निवड चाचणीसाठी पाठवले आणि १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. १९१६ ची स्पर्धा महायुद्धामुळे रद्द झाली. उमेदीची वर्षे अशी वाया जाऊनही १९२० मध्ये अँटवर्प येथे त्यांनी आणखी दोन सुवर्णपदके मिळवली. १९२४ मध्ये पॅरिस येथे पुढे टारझन म्हणून गाजलेल्या जॉनी वाइसम्युलर यांनी त्यांना मागे टाकले. ड्यूक यांना रौप्य आणि त्यांचे धाकटे बंधू सॅम यांना कांस्यपदक मिळाले.

दरम्यान, १९१४-१५ च्या दौऱ्यात सिडनीजवळील फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यांनी पाइनच्या लाकडातून स्वतः फळी घडवून प्रात्यक्षिक दाखवले. ती फळी तेथे अद्याप जपून ठेवलेली आहे.

पदकांपेक्षाही मोठी म्हणावी अशी घटना १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर घडली. खवळलेल्या समुद्रात 'थेल्मा' ही मासेमारी नौका १७ जणांसह उलटली. ड्यूक फळी घेऊन पाण्यात शिरले, पुन्हा पुन्हा परतले आणि ८ जणांना त्यांनी किनाऱ्यावर आणले. त्यांच्या साथीदारांनी आणखी ४ जणांना वाचवले. ५ जण दगावले. यानंतर जीवरक्षकांच्या साधनांत अशा फळीचा समावेश होऊ लागला.

हॉलिवूडने मात्र या देखण्या, सावळ्या हवाईयन माणसाला किरकोळ भूमिकांपलीकडे काही दिले नाही. ऑलिंपिक विजेत्याला काही काळ पेट्रोल पंप चालवून उदरनिर्वाह करावा लागला. १९३४ मध्ये ते होनोलुलूचे शेरीफ म्हणून निवडून आले. मुंबईच्या नगरपालाप्रमाणे हे नेमणुकीचे मानाचे पद नव्हते. त्यासाठी वारंवार मतदारांसमोर जावे लागे. १९६१ मध्ये हे पदच रद्द होईपर्यंत ते निवडून येत राहिले.

२२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वैकिकीसमोरच्या समुद्रात त्यांच्या अस्थी विसर्जित करण्यात आल्या.

लाटांवरील हा खेळ ऑलिंपिकमध्ये असावा, अशी त्यांची इच्छा होती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत तो प्रथमच खेळवला गेला आणि महिलांचे पहिले सुवर्णपदक होनोलुलूच्याच करिसा मूर यांनी पटकावले. वैकिकी येथे १९९० मध्ये उभारलेल्या ड्यूक यांच्या कांस्य पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे. समुद्राकडे कधीही पाठ करू नये हा तेथील पहिला धडा असल्याने जाणकारांनी त्यावर आक्षेप घेतला होता. पुतळा आजही तसाच आहे आणि त्याच्या पसरलेल्या हातांवर लोक फुलांच्या माळा चढवतात.